औषध लागू पडतं का

नोएमी गासमानला रेडिओवर जायचंच नव्हतं. हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख, ब्रुसोने नावाचे डॉक्टर, मागे लागले म्हणून ती गेली. "इतकी वर्षं मान मोडून काम केलंस, आता लोकांना कळू दे की," असं म्हणाले आणि स्वतःच रेडिओवाल्यांना फोन करून मोकळे झाले.

काम खरंच मान मोडणारं होतं. नैराश्यावरच्या गोळ्या किती लागू पडतात आणि त्यांचा त्रास किती होतो, याच्या जगभरात जेवढ्या चाचण्या झाल्या तेवढ्या तिला एकत्र करायच्या होत्या. छापून आलेल्या चाचण्या कुणालाही मिळतात. पण ज्या चाचणीत गोळीचा फारसा प्रभाव दिसला नाही ती पुष्कळदा छापलीच जात नाही, कुठल्यातरी कंपनीच्या कपाटात पडून राहते. नोएमीने त्या कपाटांची दारं ठोठावण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. एका कंपनीने उत्तरच दिलं नाही. दुसरीने कळवलं, की हे आमच्या धंद्याचं गुपित आहे. तिसरीने भलामोठा गठ्ठा पाठवला, तर त्यातल्या निम्म्या ओळींवर काळी शाई फिरवलेली. त्या दिवशी तिने गठ्ठा टेबलावर आपटला, पाराना शहराच्या उतारावरून नदीकाठी निघून गेली आणि दुपारचे रुग्ण दुसऱ्याने तपासले.

तरी जे हाती लागलं त्याचा ताळा तिने एका लेखात मांडला, आणि तोच ती रेडिओवर सांगायला गेली. फाबियान नावाचा निवेदक होता. हसतमुख, गोड गळ्याचा. त्याच्यासमोर बसून तिने जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं: "चाचणीत काही लोकांना खरी गोळी देतात आणि काहींना तशीच दिसणारी नुसत्या पिठाची, कुणाला कुठली ते न सांगता. नैराश्य तीव्र असेल तर गोळीचा फायदा बऱ्यापैकी दिसतो. सौम्य असेल तर खरी गोळी आणि पिठाची गोळी यांत फरक फारसा नाही. ही झाली सरासरी. एकेका माणसाचं वेगळं असू शकतं. आणि काहीही झालं तरी गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून, अगदी हळूहळू. काही काही लोकांना एकदम सोडल्याचा भयंकर त्रास होतो."

फाबियान मान डोलवत राहिला, चहासारख्या कडू मातेचा पेला पुढे करत राहिला. मुलाखत झाली तेव्हा नोएमीला वाटलं, चला, वाटलं होतं तितकं वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीत रांगेत उभी होती. काउंटरवरच्या रेडिओतून तिचाच आवाज आला: "खरी गोळी आणि पिठाची गोळी यांत फरक फारसा नाही." मागोमाग ढोल वाजल्यासारखं संगीत, आणि फाबियानचा गोड गळा: "ऐकलंत ना मंडळी? हे आम्ही नाही म्हणत, डॉक्टर म्हणतायत."

एवढंच. पुढे जाहिरात लागली.

"बरं झालं बाई, कुणीतरी खरं बोललं," बेकरीवाली तिला ओळखून म्हणाली. "माझी बहीण उगीच खात बसते त्या गोळ्या. सांगते तिला आजच, टाकून दे म्हणून."

"नका सांगू. मी असं म्हणालेच नाही."

"अहो, आत्ता तर ऐकलं."

"त्याच्या आधीचं आणि नंतरचं कापलंय त्यांनी. बहिणीला म्हणावं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नकोस."

"डॉक्टर तर तुम्हीच ना?" बेकरीवाली म्हणाली, आणि मागच्या बाईकडे वळली.

नोएमीने गाडीत बसून फाबियानला फोन लावला. तो जराही ओशाळला नाही. "डॉक्टर, सकाळी लोक मुलांना शाळेत सोडायच्या घाईत असतात. 'जर', 'पण', 'सरासरी' यांच्याकडे कोण कान देणार? तुमचं वाक्य मस्त होतं, म्हणून तेच लावलं. चार वेळा लागणार आहे आज."

हॉस्पिटलात ब्रुसोने वाट बघतच होते. औषधवाल्यांचे फोन आले होते, मंत्रालयातून कुणीतरी विचारणा केली होती. "तुला असं बोलायला कुणी सांगितलं होतं?" ते म्हणाले. व्हरांड्यात एका म्हाताऱ्या मनोविश्लेषकाने तिला मिठी मारली. हा गृहस्थ जन्मभर रुग्णांना कोचावर झोपवून बालपणाच्या आठवणी काढत आला होता आणि गोळीचं नाव निघालं तरी नाक मुरडायचा. "शेवटी सिद्ध केलंस पोरी," तो म्हणाला. ब्रुसोनेंच्या ओरडण्यापेक्षा या मिठीचा तिला जास्त राग आला. दोघांपैकी एकानेही तिचा लेख वाचलेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात क्रेस्पो गावाहून वहिनीचा, एल्विराचा, फोन आला. नोएमीचा थोरला भाऊ रुबेन क्रेस्पोत अकॉर्डियन दुरुस्त करायचा. व्होल्गाकाठचे जर्मन आजोबा तिथलं घर सोडून इकडे येताना बरोबर घेऊन आले ते हेच वाद्य, आणि त्या भागात लग्न असो की जत्रा, त्याच्याशिवाय पान हलत नसे. रुबेनचा कान इतका तिखट, की लांबच्या लांबून लोक सूर लावून घ्यायला त्याच्याकडे यायचे.

"रुबेनला काहीतरी होतंय," एल्विरा म्हणाली. "चक्कर येते. नुसते डोळे इकडचे तिकडे केले तरी डोक्यात करंट बसतो म्हणतो. झोपेत किंचाळतो. काल एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्यासमोर रडायला लागला."

नोएमी खुर्चीतच ताठ झाली. हे सगळं तिने शेकडो पानांवर वाचलं होतं. "वहिनी, तो कुठली गोळी घेत होता का?"

"तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्याने."

"कधीपासून?"

"मागे दुकान वर्षभर बंद होतं, आठवतं? पाठीच्या दुखण्याने? ती पाठ नव्हती गं."

"आणि आता बंद केली गोळी?"

"तूच म्हणालीस ना रेडिओवर." एल्विराच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त काय झालं ते सांगत होती, आणि ते ऐकणं जास्त जड होतं.

नोएमी पोचली तेव्हा रुबेन दुकानात बसला होता. समोर एक अकॉर्डियन उघडून पडलेलं, भाता एकीकडे, सुरांच्या पात्या एकीकडे. तो त्याला हात लावत नव्हता. दाढी वाढली होती. बहिणीकडे बघायला मान वळवली तसा त्याने टेबलाचा काठ धरला.

"आलीस? एल्विराच्या पोटात काही राहत नाही."

"माझ्यापासून का लपवलंस?"

"तू वेड्यांची डॉक्टर. तुला कळलं असतं तर दर रविवारी जेवायला आलीस की ताटावरून मला तपासत बसली असतीस. म्हणून नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे जायचो, सांता फेला. तिथे तुला कुणी ओळखत नाही."

तिने तपासलं असतं, हे खरंच होतं.

"परत आलाय तो आजार, धाकटे," रुबेन म्हणाला. "मला माहीत होतं, कधीतरी येणार."

"त्या वेळी तुझ्या डोक्यात करंट बसायचा का?"

"छे. त्या वेळी काहीच व्हायचं नाही. तीच तर भानगड होती. भिंतीकडे बघत बसायचो आणि भिंतसुद्धा नकोशी वाटायची."

"मग हा तो आजार नाही. हे गोळी एकदम सोडल्याचं आहे. शरीराला इतक्या वर्षांची सवय झालेली असते. परत सुरू केलीस की उतरेल."

"हे तू रेडिओवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. त्यांनी कापलं."

रुबेन हसल्यासारखं करून थांबला. "मी इथेच बसून ऐकलं. हातात पाती होती. खरी गोळी आणि पिठाची गोळी सारखीच, माझी बहीण सांगतेय. म्हणजे इतकी वर्षं मी पीठ खाऊन बरा झालो आणि वर देवाचे आभार मानत राहिलो. इतकी लाज वाटली, की गोळ्या संडासात ओतल्या आणि साखळी ओढली."

"मी सारखीच म्हणाले नव्हते."

"मला तसंच ऐकू आलं." तो थोडा पुढे झुकला. "ते जाऊ दे. आता इथे कुणी काही कापणार नाही. मला एकच सांग. मी बरा झालो, तो गोळीने झालो की नाही?"

हो म्हणून टाकायचं नोएमीच्या अगदी ओठावर आलं होतं. समोर भाऊ होता, काठ धरून बसलेला, आणि एका शब्दाने त्याला बरं वाटलं असतं. पण तो शब्द खरा आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. ज्या लोकांनी स्वतःला हवं तेवढंच सांगितलं त्यांच्याशीच तर ती इतकी वर्षं भांडत आली होती.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "गोळीने झाला असशील. तुझं दुखणं मोठं होतं, म्हणजे गोळीने झाला असण्याचीच शक्यता जास्त. नुसता काळ गेल्यानेही झाला असशील. डॉक्टर तुझ्याशी बोलत होता, वहिनी मागे लागून नदीवर फिरायला नेत होती, त्यानेही. हजार माणसं एकत्र केली तर मी सांगू शकते. एकट्या माणसाचं नाही."

"मी एकटाच आहे," रुबेन म्हणाला.

"माहीत आहे."

"मग एवढं शिकून उपयोग काय तुझा?"

एल्विरा दारात येऊन उभी राहिली होती. "मला विचारा," ती म्हणाली. "गोळी सुरू झाली आणि थोड्या दिवसांत हा आपणहून आंघोळीला उठायला लागला. मी डोळ्यांनी बघितलंय."

पिठाची गोळी घेणारेही असेच आंघोळीला उठायला लागतात, सगळे नसले तरी बरेच. नोएमीने हे मनातच ठेवलं. तेवढं तिने कापलं, आणि त्याचाही तिला राग आला.

ती स्वतः रुबेनला गाडीत घालून सांता फेला घेऊन गेली. बोगद्यात दिवे सरकत होते तसा तो डोळे मिटून बसला. त्याचे डॉक्टर म्हणजे एक थकलेले, किरकोळ अंगाचे गृहस्थ होते. नोएमीचं नाव ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला. "अच्छा, त्या तुम्ही. तुमच्या कृपेने या आठवड्यात मला जेवायला वेळ मिळालेला नाही." नोएमीने मुलाखतीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती. डॉक्टरांनी रुबेनला पूर्वीचीच गोळी पूर्वीइतकीच लिहून दिली.

चार-पाच दिवसांत करंट बसायचा थांबला. रडणं थांबायला जरा जास्त वेळ लागला. मग एका सकाळी एल्विराने फोन लावून नुसताच धरून ठेवला. पलीकडून एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता, थोडा वर, थोडा खाली. रुबेन सूर लावत होता.

नोएमी मात्र गप्प बसू शकत नव्हती. महिनाभर तगादा लावून तिने फाबियानकडून पुन्हा वेळ मिळवला. फुटबॉलच्या बातम्या आणि हवामान यांच्या मधली फट मिळाली. तिने या वेळी एकच गोष्ट घोकून नेली होती: गोळ्या एकदम बंद करू नका. ती तिने तीनदा सांगितली. "म्हणजे डॉक्टर, तुम्ही आधीचं विधान मागे घेताय?" फाबियानने विचारलं. "नाही, मी आधीही हेच—" आणि हवामान सुरू झालं. संध्याकाळी मोबाइलवर बातमी फिरत होती: डॉक्टरबाईंची पलटी.

ब्रुसोनेंनी ती बातमी बघून तिला केबिनमध्ये बोलावलं. गोळ्या सोडायच्या तर कशा आणि किती सावकाश, कुणाला त्रास होतो आणि कुणाला होत नाही, याची नवी चाचणी करायचा तिचा विचार होता. तिने तसा अर्ज दिला होता. "सध्या नको," ते म्हणाले. "विषय फार तापलाय."

"तापलाय म्हणूनच करायला हवं."

"नोएमी, सध्या नको म्हणालो ना."

ती दार न आपटता बाहेर आली, पण त्यासाठी तिला बरंच बळ लावावं लागलं.

वसंत आला तसं रुबेनने स्वतःच्या डॉक्टरांना विचारून गोळी थोडी थोडी कमी करायला घेतली. निम्म्यावर आला आणि अडला. सकाळी उठवेना, कामात लक्ष लागेना. हा जुना आजार डोकं वर काढत होता, की गोळी कमी केल्याची कुरकुर होती, की त्याच सुमारास त्याचा सगळ्यात जुना मित्र वारला त्याचं दुःख होतं, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. नोएमीलाही नाही. तो निम्म्यावरच राहिला. "अर्धं पीठ," तो म्हणायचा. पण आता तो ते उघडपणे म्हणायचा, रविवारी मांस भाजताना, शेजाऱ्यांसमोरसुद्धा.

त्याच्या अशा बोलण्यामुळेच असेल, क्रेस्पोच्या क्लबात एका दुपारी एगोन नावाचा एक कोंबड्या पाळणारा म्हातारा नोएमीच्या टेबलाशी आला. रुबेन वर स्टेजजवळ कुणाचं तरी वाद्य कानाशी धरून बसला होता. लोक नाचायच्या तयारीत होते.

"तुम्हीच ना रेडिओवरच्या?" एगोनने विचारलं. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

नोएमीला वाटलं, आता हाही अभिनंदन करणार किंवा शिव्या देणार. तिने हातातला ग्लास खाली ठेवला. "हो."

"तुमचं ऐकून मीपण सोडल्या होत्या. तेव्हापासून घरातून बाहेर पडलो तो आजच. मुलाला सांगितलं, पाठ दुखते." तो खाली बघत होता. "परत सुरू करू का? की ते पीठच होतं?"

स्टेजवर वाद्यं वाजायला लागली. एवढ्या गोंगाटात काही सांगणं शक्यच नव्हतं, आणि दोन वाक्यांत सांगण्यासारखं तर ते मुळीच नव्हतं.

"बाहेर चला," नोएमी म्हणाली. तिने दोन खुर्च्या उचलल्या, अंगणात झाडाखाली समोरासमोर मांडल्या आणि त्याला बसवलं. "सुरुवातीपासून सांगा. पहिल्यांदा गोळी कशासाठी दिली होती?"