मध्यंतर नसलेला सिनेमा

"तीनचाच ना?" घंटाबाईंनी तिकीट खिडकीच्या जाळीशी वाकून विचारलं.

"तीनचाच. पण मावशी, आज तुमचा सिनेमा नाही," आतला तिकीटवाला म्हणाला. "चार दिवस महोत्सव आहे. परदेशातले सिनेमे. मारामारी नाही, गाणी नाहीत."

"मग आहे तरी काय?"

"ते मलाही कळलेलं नाही. सकाळच्या सिनेमात एक माणूस अर्धा तास नुसता चालत होता. मी म्हटलं, आता पोचेल, मग पोचेल. पोचलाच नाही. पण पास उरलेत, तुमच्यासाठी फुकट. बघा, बसायचं तर बसा."

घंटाबाईंनी पास घेतला. आठवड्यातला हा एकच सव्वा तास त्यांचा होता, आणि तो पायरीवर उभं राहून घालवण्यापेक्षा चालणारा माणूस बघितलेला बरा. सिनेमा किती वाजता सुटतो हे त्यांनी विचारलं नाही. सहा वर्षांत त्यांना ते विचारायची वेळच आली नव्हती.

घंटाबाई हे अर्थातच पोरांनी ठेवलेलं नाव. एका मोठ्या शाळेत त्या शिपाई होत्या, आणि एकवीस वर्षं तासांचे टोल त्याच देत होत्या. मुख्याध्यापक बदलले, गणवेश बदलले, पण टोल कधी मिनिटभर इकडचा तिकडे झाला नाही. मास्तर लोक आपली घड्याळं भिंतीवरच्या घड्याळाशी न जुळवता बाईंच्या टोलाशी जुळवत. शाळेतून घरी यावं तर तिथे नवऱ्याच्या औषधांचं वेळापत्रक वाट बघत असे. नळजोडणीची कामं करणारा तो धडधाकट माणूस सहा वर्षांपूर्वी एका सकाळी उठला तो उजवी बाजू हरवूनच. वाचाही बरीचशी गेली. तेव्हापासून त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, आणि दुपारी साडेचारला झटक्यावरची गोळी कुटून, पाण्यात कालवून, मान उचलून चमच्याने भरवायची. शाळेच्या दिवशी दुपारचं हे सगळं खालच्या मजल्यावरची शिवणवाली करी. गेल्या वर्षी एकदा ती गोळी तासभर लांबली आणि त्याला झटका आला. जिभेला दातांनी भोक पडलं. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा असा आला तर उरलीसुरली डावी बाजूही सांगता येत नाही.

म्हणून रविवार ठरलेला होता. पावणेतीनला नवऱ्याला वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, साडेचारची गोळी आधीच कुटून तिपाईवर वाटीत कालवून ठेवायची, डाव्या हाताखाली फोन ठेवायचा. त्याचं एक बटण दाबून धरलं की खाली शिवणवालीला घंटी जाई. नवऱ्याला दिसावं म्हणून समोरच्याच भिंतीवर मोठं घड्याळ लावलं होतं. "मी कधी येते ते तुम्हाला कळेल, जिवाला घोर नको," असं घंटाबाई म्हणाल्या होत्या. स्वतःचं मनगटी घड्याळ मात्र त्या रविवारी दाराच्या खिळ्याला अडकवून जात. आठवडाभर जगाला वेळ सांगायची. निदान सव्वा तास जगाने आपल्याला सांगावी. सव्वाचारला थेटरात मध्यंतर होई. दिवे लागले की त्या उठत आणि चार सत्तावीसला घरात असत. दारावरचा बॅटरीवाला त्यांना "अर्धं तिकीट" म्हणे.

सहा वर्षं त्यांनी सिनेमांचे नुसते पूर्वार्ध पाहिले. उत्तरार्ध त्या रस्त्याने येताना जुळवत आणि नवऱ्याला गोळी भरवता भरवता सांगत. त्यात अवघड काही नसे. पूर्वार्धात जो चांगला तो मार खातो, जो गोड बोलतो तो विष देतो, आणि आई आंधळी असली तर तिला शेवटी दिसतं. नवरा ऐके आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हसे. घंटाबाईंचं भांडण फक्त त्या सिनेमांतल्या आजाऱ्यांशी होतं. चेहऱ्याला पावडर, उशीला सुरकुती नाही, आणि मरायच्या आधी पाच मिनिटं खणखणीत भाषण. "आमच्या ह्यांना पाणी मागायला दोन मिनिटं लागतात," त्या शाळेत सांगत, "आणि हा गोळी लागलेला बाबा सगळी इस्टेट वाटून मगच डोळे मिटतो."

आज दारावर बॅटरीवाला नव्हता. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका मुलीने पास बघितला आणि त्यांना आत सोडलं. आत पन्नासेक माणसं विखरून बसली होती. घंटाबाई सवयीने कडेच्या खुर्चीवर बसल्या. शेजारी मांडीवर वही घेतलेली एक चष्मेवाली बसली होती.

सिनेमा सुरू झाला. एक खोली. खाटेवर म्हातारा बाप, आणि त्याची पन्नाशीची लेक. लेक वाटीत साबण फेसते आणि बापाची दाढी करते. एवढंच. कॅमेरा जागचा हलला नाही. घंटाबाईंनी आधी जांभई दिली, मग त्या सावरून बसल्या. त्या बाईने दाढी झाल्यावर बापाला कुशीवर वळवलं, आणि वळवताना आधी त्याचा लुळा हात छातीवर घेतला, मग गुडघा उभा केला, मग खांद्याला आणि कमरेला एकदम हात घातला. अगदी बरोबर. डॉक्टरांनी शिकवलेलं, आणि शिकवूनही नर्सबाईंना जमत नव्हतं ते.

"हिने खरंच केलंय हे कुणाचं तरी," घंटाबाई पुटपुटल्या.

चष्मेवालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पडद्यावर म्हाताऱ्याची टाच आली. टाचेला जखम होती, कडेने काळी, मध्ये ओली. नवऱ्याच्या टाचेची जखम भरून यायला चार महिने लागले होते, आणि ती जखम घंटाबाईंखेरीज कुणीही पाहिली नव्हती. आता पन्नास अनोळखी माणसं ती गप्प बसून बघत होती. त्यांना लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मग एकदा त्यांना वाटलं की वेळ बराच झाला असावा. मध्यंतर व्हायला हवं होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारावर जाड पडदा, उजेडाची रेघही नाही.

"इंटरव्हल झाला नाही का गं अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"अंहं," चष्मेवाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

अजून झाला नाही, एवढाच अर्थ घंटाबाईंनी घेतला. संथ सिनेमात वेळही संथ जातो, कंटाळवाण्या तासाला पोरांना नाही का टोल लांबल्यासारखा वाटत, असं त्यांनी मनाला समजावलं. पण मन बधेना. उठावं का? पण मध्यंतराआधी उठून साडेतीनलाच घरी पोचलो तर तो सव्वा तास फुकट जायचा. त्या अर्ध्या उठल्याही. तेवढ्यात पडद्यावरच्या लेकीने बापाला पांघरूण घातलं, दाराबाहेर येऊन कुलूप लावलं, किल्ली हातात धरली आणि ती चालू लागली. घंटाबाई परत बसल्या. ही बाई कुठे जाते हे त्यांना कळायलाच हवं होतं.

बाई बसथांब्यावर येऊन उभी राहिली. रस्ता रिकामा. किती तरी वेळ बस आली नाही. बाईच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, ना रडणं ना राग. मग बस आली. दार उघडलं. घंटाबाईंचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला. त्यांचा त्यांनाच तो जाणवला आणि त्यांनी तो खुर्चीखाली ओढून घेतला.

पडदा काळा झाला. दिवे लागले.

"सुटले बाई," म्हणत घंटाबाई उठल्या. अशा ऐन वेळेलाच मध्यंतर करतात मेले, इथेही तेच. मागे लोक टाळ्या वाजवत होते. दारातल्या मुलीला त्या हसून म्हणाल्या, "मी काही परत यायची नाही हं. उरलेला तुम्हीच बघा."

"उरलेला?" मुलगी गोंधळली. "मावशी, सिनेमा संपला."

"संपला कसा? इंटरव्हल झाला ना आत्ता."

"महोत्सवाच्या सिनेमांना इंटरव्हल नसतो."

"वाजले किती?"

"पाच पंचवीस."

घंटाबाईंनी पुढचं ऐकलं नाही. पायऱ्यांवर त्यांची चप्पल निसटली, ती त्यांनी हातात घेतली. रस्त्यावरचं ऊन समोरच्या भिंतींवर चढलं होतं, सावल्या लांब झाल्या होत्या. बारा मिनिटांचा रस्ता. त्या पळत सुटल्या. पन्नाशीच्या बाईने एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन पळावं याचं लोकांना हसू आलं असेल तर आलं असेल. झटका येऊन गेला असला तर मान कुठल्या बाजूला असेल? उताणे झाले असतील तर जीभ घशात जाईल. पण फोन आहे. त्यांनी बटण दाबलं असेल. शिवणवाली वर आली असेल, तिच्याकडे दुसरी किल्ली आहे.

शिवणवाली आपल्या दारातच मशीनवर होती. "का हो, पळताय कशाला?" तिने विचारलं.

"घंटी नाही आली तुला? ह्यांची?"

"नाही बाई. मी इथंच तर आहे दुपारपासून."

उरलेला जिना घंटाबाई कठड्याला धरून चढल्या. किल्ली कुलपात जाईना. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ती घातली.

नवरा खाटेच्या अगदी कडेला आला होता. डाव्या हाताची मूठ खाटेच्या लोखंडी दांड्याला आवळलेली, बोटं पांढरीफटक. तिपाईवरची वाटी खाली पालथी पडली होती आणि कुटलेली गोळी फरशीवर पाण्यात पसरली होती. पांघरूण ओलं होतं. डोळे उघडे होते आणि समोरच्या घड्याळावर होते. ते हळूच दाराकडे वळले.

घंटाबाईंनी दुसरी गोळी कुटली, मान उचलली, चमचा लावला. घोट गेला. दुसरा गेला. मग दांड्यावरची बोटं त्यांनी एकेक करून सोडवली, कपडे बदलले, चादर बदलली, आणि सगळं झाल्यावर त्या खाटेशी फरशीवर बसून रडल्या.

"चुकले मी," त्या म्हणाल्या. "त्या सिनेमाला मध्यंतरच नव्हतं हो. मी वाट बघत बसले." मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "पण फोन का नाही केलात? हाताखालीच तर होता. ती खाली बसलीय की."

नवऱ्याचे ओठ हलले. शब्द जुळायला वेळ लागला.

"काय... सांगू... तिला?"

"काय सांगू म्हणजे? मी आले नाही म्हणून सांगायचं."

त्याने डोळ्यांनीच नाही म्हटलं. "वाटलं..." तो म्हणाला, "गेलीस."

आणि मग बऱ्याच वेळाने, "लोकांत... तुझं... नाव..."

घंटाबाईंना कळलं. बायको सोडून गेली असं समजून हा माणूस तासभर दांडा धरून पडला होता, आणि त्यातही तिची बदनामी आपल्या तोंडून नको म्हणून त्याने ते बटण दाबलं नव्हतं. त्यांनी त्याचा डावा हात आपल्या गालाला लावला. दांड्याचा गंजका वास त्या तळव्याला येत होता.

थोड्या वेळाने नवऱ्याने विचारलं, "गोष्ट?"

त्यांनी सांगितली. दाढी, टाच, कुलूप, बसथांबा. "बस आली. दार उघडलं. आणि संपला सिनेमा. आज पहिल्यांदा पुरा बघितला, तर त्याला शेवटच नाही."

"गेली?"

"ते दाखवलं नाही त्यांनी."

"तू... सांग," तो म्हणाला. तोंडाचा डावा कोपरा किंचित हलला.

इतक्या वर्षांत दरवेळी त्यांनी खटकन शेवट सांगितला होता. आजही सोपा होता. बस निघून गेली, लेक परत फिरली, बाप हसला. तोंडाशी आलंही होतं. पण आपला पाय पुढे सरकला होता हे घंटाबाईंना ठाऊक होतं, आणि या माणसाशी आज खोटं बोलवेना.

"मला खरंच माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण मी आलेय."

नवऱ्याने मान हलवली. मग डावा हात उचलून समोरच्या भिंतीकडे बोट केलं.

"ते... काढ."

घंटाबाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि घड्याळ उतरवलं. सहा वर्षं ते एकाच जागी होतं. भिंतीचा रंग भोवती मळला होता, आणि त्यामागे एक स्वच्छ गोल उरला होता. घड्याळ टिकटिकत होतं, ते त्यांनी आतल्या खोलीत नेऊन कपड्यांच्या घडीखाली ठेवलं. बाहेर आल्या, दाराच्या खिळ्यावरचं आपलं मनगटी घड्याळ हातात बांधलं आणि पाहिलं. वळवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. त्यांनी नवऱ्याचा लुळा हात त्याच्या छातीवर घेतला, गुडघा उभा केला, खांद्याला आणि कमरेला एकदम हात घातला, आणि त्याला दाराकडे तोंड करून वळवलं.