मी की संत्र्याचा रस

माझा नवरा माझ्याकडे बघत नाही, ही माझी लग्नापासूनची तक्रार. म्हणजे बघतो, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसा. त्यात माझं कामच डोळ्यांचं. माणसाची नजर कुठे जाते आणि का जाते, हे मी प्रयोगशाळेत मोजते.

मेंदूच्या अगदी आत एक कोपरा असतो, तो भलता लोभी. ज्या चित्राने पूर्वी काही गोड दिलं, ते तो विसरत नाही. पुन्हा दिसलं की डोळ्यांना परस्पर हुकूम सोडतो. नजर आधी पोचते, मालकाला मागाहून कळतं.

हे मला प्रयोगशाळेला पैसे देणाऱ्या समितीला दाखवायचं होतं. पटलं तर प्रयोगशाळा चालू राहणार, नाहीतर टाळं. प्रयोगाला बसायला कुणी मिळेना, तेव्हा नवऱ्यालाच जुंपलं. रोज संध्याकाळी पडद्यावर वेड्यावाकड्या नक्ष्या दाखवायच्या. काही नक्ष्यांना नळीतून संत्र्याच्या रसाचा घोट, काहींना ठेंगा. रसाची बाटली खरं तर पडद्यामागे लपवायची असते. पण नळी आखूड पडली, नवी मागवायचा मला कंटाळा, म्हणून बाटली माझ्याच टेबलावर, कोपराशी ठेवली. घरचाच तर माणूस, म्हटलं, कशाला नखरे!

समिती आली. नवऱ्याच्या डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा चढवला. त्याला जे दिसेल ते भिंतीवर मोठं दिसणार, आणि तो जिथे बघेल तिथे लाल ठिपका. आज रस बंद होता, फक्त नक्ष्या. पहिली गोड नक्षी उमटली आणि ठिपका तिला सोडून डावीकडे माझ्या टेबलावर पळाला. दुसऱ्या नक्षीलाही तेच.

"तिकडे काय आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी आहे," मी म्हणाले.

सगळे हसले. प्रयोगाचा बोजवारा उडाला होता आणि खरं सांगते, मला आतून गुदगुल्या होत होत्या. इतकी वर्षं उगाच कटकट केली म्हणायची!

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "आणि ती बाटली कसली?"

"ती... रसाची."

"मग दोघींना वेगळं करा. बाटली तुमच्या यजमानांच्या देखत रिकामी करून उजवीकडे ठेवा. तुम्ही डावीकडेच बसा."

आता आली पंचाईत. ठिपका रिकाम्या बाटलीकडे गेला, तर माझं म्हणणं सिद्ध होऊन प्रयोगशाळा वाचणार. माझ्याकडे आला, तर सगळं मुसळ केरात, पण नवरा आपला. मी रस मोरीत ओतला, बाटली उजवीकडच्या स्टुलावर ठेवली आणि जागेवर येऊन बसले. केस नीट केले, तेही सांगून टाकते. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा प्रयोग फसावा असं मला मनापासून वाटत होतं.

नक्षी उमटली. पापणी लवायच्या आत ठिपका बाटलीवर. पुढच्या नक्षीलाही बाटलीवरच. एकदा तर मी खोकूनसुद्धा पाहिलं. ठिपका ढिम्म हलला नाही.

"वा!" अध्यक्षबाई खूश झाल्या. "बाटली रिकामी, पलीकडे बायको, तरी नजर बाटलीवर. याहून चांगला पुरावा कुठला हवा?"

मंजुरी जागच्या जागी मिळाली. लोक माझं अभिनंदन करत होते आणि मला तो चष्मा नवऱ्याच्या डोक्यात घालावासा वाटत होता.

त्याने मला जिन्यात गाठलं. "अगं, तोंड का पाडलंयस? मी मुद्दाम बाटलीकडे बघितलं. तुझ्याकडे बघितलं असतं तर तुझी लॅब बंद पडली असती ना! मनावर दगड ठेवून बघितलं."

आता, पापणी लवायच्या आत नजरेची ती उडी मुद्दाम मारताच येत नाही. ठरवायला तेवढा वेळच मिळत नाही, हेच तर मी मोजत आलेय. नवरा धडधडीत खोटं बोलत होता आणि ते ओळखू शकणारी जी मूठभर माणसं असतील, त्यांतली एक नेमकी त्याच्या गळ्यात पडली होती. पण थापा मारताना त्याचे कान लाल झाले होते, आणि जिन्यातून एवढी माणसं येत-जात असताना तो एकटक माझ्याकडे बघत होता.

"खरंच?" मी विचारलं.

"शप्पथ!"

मग मी त्याला ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.