वेटरचा कोट

माझा नवरा रंगारी. त्या दिवशी सकाळी शिडीवरून घसरला आणि पोटावर आपटला, तेही जिन्याच्या लोखंडी कठड्यावर. रक्ताचा थेंब नाही, पण चेहरा पांढराफटक. कामावरच्या जोडीदाराने त्याला टेम्पोत घालून सरळ घरी आणलं.

"असाच चौकातल्या मोठ्या खाजगी दवाखान्यात नेऊ," मी म्हटलं. सरकारी दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर हा टिकेलसं वाटत नव्हतं.

"ह्या अवतारात?" सासूबाई कडाडल्या. "दरवान दारातच अडवेल. तुझ्या सासऱ्यांना नेलं तेव्हा त्यांच्या पायातल्या चपला बघूनच हाकललं होतं."

सासूबाईंनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाच्या बापाचंही चालत नाही. रॉकेलचा बोळा घेऊन त्या त्याचे हात घासायला बसल्या. कोपरं, मान, कानामागचा निळा रंग. तो कण्हत होता आणि ह्या नखं कोरत होत्या! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेजारी एक वेटर राहतो, त्याचा काळा कोट मागून आणला. बाही चढवताना नवरा जिवाच्या आकांताने ओरडला. तरी मीच दुसरी बाही ओढली, कारण आता भांडण्यातही वेळच गेला असता.

दवाखान्यात मात्र सासूबाईंचं गणित बरोबर आलं. दरवानाने दार उघडून धरलं, वर चाकाची खुर्चीही आणून दिली. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, "अनामत भरा, लगेच डॉक्टरांना बोलावते."

"आमचा धाकटा बँकेत गेलाय, येईलच इतक्यात," सासूबाईंनी ठोकून दिलं.

धाकटा! ह्यांना एकच मुलगा, आणि तो खुर्चीत मान टाकून बसलेला. मुलीने विश्वास ठेवला आणि आम्हाला मऊ सोफ्यावर बसवलं. सासूबाई दाराकडे बघत राहिल्या, जणू खरंच कोणी येणार होतं.

"आई, खरं सांगून टाकू या," मी कुजबुजले.

"गप्प बस. खरं सांगितलंस की बाहेर. ओळखीचं कुणी दिसतंय का बघते मी."

मी नवऱ्याचा हात धरला. बर्फासारखा गार. ओठ काळसर पडले होते. "तहान लागलीय," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला बोलवेना. मला रडू फुटलं. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर समोरून चालले होते. मी धावत जाऊन त्यांची वाटच अडवली.

"काय झालंय ह्यांना?"

"जरा चक्कर आलीय," मागून सासूबाई. "पैसे येतायत."

"चक्कर नाही!" मी एवढ्याने ओरडले की अख्खा हॉल वळून बघायला लागला. "शिडीवरून पडलाय, पोटावर, सकाळीच. आम्ही त्याला घासूनपुसून आणलंय. कोट शेजाऱ्याचा आहे. धाकटा वगैरे कोणी नाही, आणि पैसेही नाहीत."

सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. डॉक्टरांनी कोटाची बटणं काढली, पोटावर हात ठेवला. पोट लाकडासारखं कडक झालं होतं.

"स्ट्रेचर!"

"सर, अनामत अजून..." काउंटरवरची मुलगी उठली.

"तू मला थांबवलंस असं कागदावर लिहून दे, मी थांबतो."

तिने काही लिहिलं नाही. स्ट्रेचर आत गेलं, दार बंद झालं. आम्ही दोघी बाकावर बसलो. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांचा हात सोडवतही नव्हता.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. "आत रक्तस्राव झाला होता. थांबलाय आता. वाचतील." मी खालीच बसले. सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या.

"पण आजी, एवढा वेळ का घालवलात?" ते जरा चिडूनच म्हणाले. "माणूस जसा पडला तसा उचलून आणायचा असतो."

सासूबाईंनी हात खाली घेतले. आवाज अगदी साधा होता.

"तसा आणला असता, तर आत घेतला असता?"

डॉक्टरांनी वळून दारातल्या दरवानाकडे बघितलं. माणूस खरा होता, खोटं सांगणं त्याला जमलं नाही.