इरावतीची बहीण

"अक्का, इरावतीले गाठ निंघनी."

गाडी सोनगीरच्या थांब्यावर उभी होती. मागच्या दारातून दोन म्हाताऱ्या भाजीच्या पाट्या वर ढकलत होत्या, पुढून कॉलेजची पोरं चढत होती, आणि नूतन एका खांद्याने फोन कानाशी दाबून तिकिटाचं मशीन चालवत होती.

"कोठे?"

"काखमा. डावी बाजूले. न्हाताना हातले लागनी."

"कवय?"

"चारपाच दिन व्हयनात. तिनी कोनलेच सांगं नही."

"नवऱ्यालेबी नही?"

"नही." पलीकडे पुनमने विषय तोडला. "बरं, तुनी गाडी निंघत व्हई. ठेवस."

नूतनने दोरी ओढली. दोनदा घंटी वाजली आणि गाडी निघाली. शिंदखेड्यापर्यंत तिने तिकिटं दिली, पासवाल्यांचे पास पाहिले, एका आजोबांना खिडकीजवळ जागा करून दिली. पण डोक्यात एकच चाललं होतं. कालचा भाग आपला चुकला कसा?

नूतन धुळ्याच्या डेपोत कंडक्टर होती. वय चव्वेचाळीस. नवरा नवल सुरतेला कामाला, सणासुदीला यायचा. देवपुरात दोन खोल्यांचं घर, आणि दिवसाला धुळे-शिंदखेड्याच्या तीन फेऱ्या. तिची धाकटी बहीण पुनम जळगावजवळ असोद्याला दिली होती. दोघी रोज फोनवर बोलायच्या, पण फक्त मालिकांबद्दल. मालिकांबद्दल म्हणण्यापेक्षा, मालिकांच्या त्या गावाबद्दल.

ते गाव त्यांच्या आईमुळे वसलं होतं. आईची, ताईबाईंची, नजर शेवटी शेवटी अधू झाली होती. पडद्यावर कोणती मालिका चालू आहे हे त्यांना कळायचं नाही, नुसते आवाज ओळखू यायचे. एकच नटी दोन वाहिन्यांवर दिसली की त्या वैतागायच्या. "हाई तर काल सून व्हती, आज डॉक्टरीण कशी व्हयनी?" पहिल्यांदा दोघी बहिणी हसल्या. मग एक दिवस पुनमने सांगून टाकलं की त्या जुळ्या बहिणी आहेत, लहानपणी जत्रेत हरवलेल्या. आईला ते पटलं. मग एकातून एक वाढतच गेलं. 'सांगवीचे सोयरे'मधली थोरली सून इरावती ही 'कोर्ट नंबर नऊ'मधल्या शर्वाणी वकिलांची धाकटी बहीण निघाली. 'निरांजन हॉस्पिटल'मधले बडे डॉक्टर सांगवीच्या सरपंचांचे साडू ठरले. पुनम नाती जुळवायची, नूतन रस्ते आखायची. सांगवीहून शहराला शेवटची गाडी साडेपाचला, मध्ये एक फाटा, फाट्यावर गाडी दहा मिनिटं थांबते. म्हणून इरावती सहाच्या आत कोर्टात पोचूच शकत नाही, मालिकावाले काहीही दाखवोत. आई म्हणायची, "मंग ती मुक्कामले ऱ्हास का बहीणकडे?" आणि दोघी म्हणायच्या, हो, राहते.

चार वर्षांपूर्वी आई असोद्याला, पुनमच्या घरीच वारली. सकाळी अकराला पुनमचा फोन आला होता, आई घाबरी झाली आहे, ये. आई तीनला गेली. नूतन पोचली संध्याकाळी सहाला. दारात बसलेल्या सगळ्या बायांदेखत पुनम म्हणाली, "उनी का तुनी गाडी येळवर?"

त्यानंतर तीन महिने फोन नाही. मग एका दुपारी पुनमचा फोन आला. आवाज कोरडा. "अक्का, शर्वाणी सांगवीले जाई राहिनी." नूतन लगेच म्हणाली, "कोणत्या गाडीनं?" तेव्हापासून दोघी पुन्हा बोलायला लागल्या. घरचं कोणी काढत नसे. पोरांच्या परीक्षा, आजारपणं, लग्नाची आमंत्रणं, सगळं तिसऱ्याच कोणाकडून कळायचं.

शिंदखेड्याला गाडी लागली. फेरीला वीस मिनिटं होती. नूतनने चहा घेतला नाही. शेवटच्या बाकावर बसून तिने मोबाईलवर कालचा भाग लावला. इरावती स्वयंपाकघरात सासूशी वाद घालत होती. गाठीचं नाव नाही. तिने परवाचा लावला, मग त्याच्या आदल्या दिवसाचा, भराभर पुढे सरकवत. इरावती हळदीकुंकवाला गेली, इरावतीचा हार हरवला, इरावती रडली. गाठ कुठेच नव्हती.

स्थानकातल्या उपाहारगृहात लताबाई पोहे करायच्या. त्यांच्याकडे टीव्ही दिवसभर चालू असायचा.

"लताबाई, सांगवीच्या इरावतीला दवाखान्यात नेलं का हो?"

"कशाला? ती तर धडधाकट आहे. नवऱ्याचं लफडं चाललंय तिच्या, दुसरं काय." लताबाईंनी झारा थांबवला. "का हो ताई? तोंड असं का झालं तुमचं?"

नूतन बाहेर आली. ऊन कडक होतं. तिने पुनमला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ड्रायव्हर रतिलालभाऊ गाडीत चढत होते, त्यांनी हॉर्न दिला. ती चढली, तिकिटं दिली, मशीनमध्ये दोनदा चुकीचं गाव टाकलं. एका बाईला उतरायचं होतं तिथे घंटी द्यायची राहून गेली, बाई ओरडली. "लक्ष कुठंय तुमचं?" नूतनने माफी मागितली. आयुष्यात तिने प्रवाशाची माफी क्वचितच मागितली असेल.

धुळ्याजवळ आल्यावर पुनमने फोन उचलला.

नूतनने विचारायचं ठरवलं होतं ते सरळ. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "इरावतीले कवय दाखाडणं शे?"

"उद्या. अकरा वाजता. जळगावले."

"संगे कोन?"

"कोनी नही. एकटीच जाई ती."

"का? तिनी मोठी बहीण शे ना."

पलीकडे शिलाई मशीन चालू असल्यासारखा आवाज येत होता, तो थांबला.

"मालिकामा तिले बहीण नही, अक्का. ते आपण जोडेल शे."

"शे. वकीलीण शर्वाणी. दोन्हीसनी माय एकच."

"ती कोर्टमा ऱ्हास. तिले येळ नही ऱ्हास."

"उद्या कोर्टले सुट्टी शे," नूतन म्हणाली आणि फोन ठेवला, कारण पुढे काही बोलली असती तर भर गाडीत रडली असती.

डेपोत सुट्टी मिळणं सोपं नव्हतं. लग्नसराई होती, माणसं कमी होती. ड्युटी लावणाऱ्या बाबूंनी मान वर न करता "नाही जमणार ताई" म्हटलं. ती खिडकीशी उभी राहिली. मागे रांग वाढली तरी हलली नाही. शेवटी हसीब, दोंडाईच्याच्या गाडीवरचा कंडक्टर, मागून म्हणाला, "साहेब, ताईंची उद्याची ड्युटी मी करतो. माझी साप्ताहिक सुट्टी आहे."

"तुझ्या घरी पाहुणे येणार होते ना?" नूतनने विचारलं.

"येतील, बसतील. तुम्ही जा."

रतिलालभाऊ स्टँडच्या फाटकाशी तंबाखू मळत उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. ती जवळून जाताना एवढंच म्हणाले, "ताई, ह्या टायमाला तरी जा."

ती थबकली, आणि मान हलवून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सातच्या जळगाव गाडीत ती प्रवासी म्हणून बसली. पंधरा वर्षांत गाडीत बसून राहायची तिला सवय उरली नव्हती. पारोळ्याला कंडक्टरने उगाच पाच मिनिटं जास्त थांबवली तेव्हा ती उठून उभी राहिली. एरंडोलला कोणीतरी सुट्या पैशांवरून वाद घालत होतं, तिला वाटलं आपणच जाऊन मिटवावा. पदराचं टोक तिने बोटाला इतकं गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. दर दहा मिनिटांनी ती घड्याळ पाही. साडेनऊला जळगाव आलं. रात्री पुनमला इरावतीचा दवाखाना विचारून ठेवला होता, तेच नाव तिने रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं.

पुनम बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर फाईल, पायात घरच्या चपला. घाईत निघाली असावी. नूतनला पाहून ती उठली नाही, नुसती सरकली.

"कशी उनी?"

"बसनी."

"सुट्टी भेटनी?"

"हसीबनी ड्युटी घेतली."

मग दोघी समोरच्या भिंतीकडे पाहत बसल्या. भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद करून ठेवलेला. पुनम त्याच्याकडे पाहत म्हणाली, "इरावती घाबरी गयी व्हती रातभर. तिले वाटस..."

"पुनम."

"तिले वाटस का..."

"इरावतीचं राहू दे," नूतन म्हणाली. "तुझं सांग."

पुनमचा हात फाईलवर थांबला. मग तिचं तोंड एकदम लाल झालं. "मनं सांगू? मनं सांगू तुले? आई गयी तवय मी एकटी व्हती. तिनं डोकं मना मांडीवर व्हतं आणि ती इचारत व्हती, नूतन उनी का. दर घटकाले. मी सांगत व्हती, ई राहिनी, ई राहिनी. तीन वाजालोंग सांगं मी. आते म्हनस, तुनं सांग."

शेजारचा एक माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

नूतनने पदर सोडला. "माझं ऐकशील?"

पुनमने फाईल बाकावर ठेवली.

"तुझा फोन आला तेव्हा गाडी सोनगीरला होती. रतिलालभाऊंनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, ताई, उतरा, मागून जळगावला जाणारी जीप मिळेल, मी डेपोला कळवतो. मला उतरता आलं असतं, पुनम. आतापर्यंत सगळ्यांना सांगितलं की सुट्टी नव्हती, बदली माणूस नव्हता. खोटं आहे. मी उतरले नाही. डबल बेल दिली."

"का?"

"भीती वाटली. तिला मरताना पाहायची. वाटलं, फेरी संपेपर्यंत बरं वाटेल तिला. फेरी संपली तर वाटलं, अजून एक करू."

नूतनला वाटलं होतं ती ओरडेल किंवा उठून जाईल. पण पुनमने फक्त तोंडावरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मालेबी भीती वाटत व्हती. मी कोठे उतरनार व्हती?"

आतून सिस्टरने नाव पुकारलं. पुनम उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. मागे न पाहता तिने डावा हात थोडा मागे केला. नूतनने तो धरला आणि दोघी आत गेल्या.

सुई टाकून तपासणी झाली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, तो वाईट होता. पुनमचा नवरा रुपचंद पाइपच्या कारखान्यात शिफ्टवर होता. त्याला दोघींनी मिळून सांगितलं. तो अंगणात खाली बसला. मग म्हणाला, "माले आधी का नही सांगं?" पुनमने फाईल त्याच्यापुढे धरली. "आते सांगं ना," नूतन म्हणाली, आणि तो मान हलवून आत गाडीची चावी शोधायला गेला.

ऑपरेशन जळगावलाच झालं. डाव्या बाजूची छाती काढली. नंतर औषधाच्या बाटल्या चढल्या, केस गेले, तोंडाची चव गेली. नूतन दर सुट्टीला यायची आणि सुट्टी नसली की मागून घ्यायची. 'सांगवीचे सोयरे' मध्येच कधीतरी बंद पडली. इरावतीचं काय झालं ते मालिकावाल्यांनी सांगितलं नाही आणि दोघींनीही ठरवलं नाही. त्यांना आता दुसरं बोलायला होतं. आईच्या हातच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं, पुनमच्या लेकीच्या बारावीचं, नवलच्या सुरतेतल्या बिऱ्हाडाचं. कधी भांडणही व्हायचं, आणि ते भांडण घरचं असायचं. पुनम एकदा चिडून म्हणाली, "मी तुले माफ करं नही शे, समजनी का?" नूतन म्हणाली, "समजनी. दूध पी."

पोळ्याच्या आदल्या दिवशी नूतन दुपारी असोद्याला पोचली. पुनम आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. डोक्याला रुमाल, अंगात ढगळ गाऊन. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावा हात भिंतीवर टेकवायचा आणि बोटांनी वर वर चढत जायचं, रोज थोडं जास्त. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. सगळ्यात खालची कमरेपाशी, मग एकीवर एक, जवळजवळ कानापर्यंत. प्रत्येक रेघेशी तारीख, पुनमच्या बारीक अक्षरात.

नूतन दारातच थांबली.

पुनमची बोटं चढत होती. खांद्याच्या जरा वर गेल्यावर ती थरथरली. तिने डोळे मिटले, श्वास घेतला, पुन्हा ढकललं. बोटं अर्ध्या पेरानं सरकली आणि तिथेच राहिली. कालची रेघ दोन बोटं वर होती.

पुनमने उजव्या हाताने पेन्सिल उचलली, बोटं होती तिथे, कालच्या रेघेखाली, सरळ रेघ मारली आणि तिच्यापुढे तारीख घातली.