एका नावासाठी थांबलेली काठी

मी काठी बोलतेय. गुरं हाकायची नव्हे आणि म्हातारपणी टेकायचीही नव्हे. सामोआतल्या आमच्या गावाच्या मैदानावर उभं राहून जो बोलतो, त्या वक्त्याची मी काठी. माणसाहून उंच, आणि मानही तसाच! सध्या मात्र घराण्याच्या बैठकीच्या घरात तुळईला बांधलेली आहे. पालसुद्धा अंगावरून बिनदिक्कत फिरते.

माझं झाड डोंगरातलं. पेसामिनो म्हाताऱ्याने मला तासलं आणि खोबरेल चोळून चोळून काळीभोर केलं. बोलायला उभा राहिला की तो अनवाणी पायाच्या बोटांत माझं टोक धरायचा. "काठी टेकली की पोटातलं ओठावर आलंच पाहिजे," असं म्हणायचा. आमच्याकडे काठी टेकून उभ्या असलेल्या माणसाच्या बोलण्यात कुणी तोंड घालत नाही. फक्त त्याच्या घराण्याचा मुख्य त्याला खाली बसवू शकतो.

पण बोलणार कोण, हे ठरायला अर्धा दिवस जातो. सगळे वक्ते एकमेकांना "तुम्ही बोला", "छे छे, मान तुमचा" करत बसतात आणि प्रत्येकजण मनात मांडे खात असतो. आम्ही काठ्या तोवर उन्हात तापत असतो.

पेसामिनो गेला तेव्हा घराण्याने त्याचा मान त्याच्या मुलीला, फेतुआओला दिला. गावाने नाकं मुरडली.

"बाईमाणूस मैदानावर बोलणार? मग उद्या कोंबडीही आरवेल!" एक वक्ता म्हणाला.

"आरवू दे की काका," फेतुआओ म्हणाली, "नाहीतरी तुमचा कोंबडा वेळेवर उठतो कुठे?"

तिला मैदानात कुणी बोलावलं नाही. ती मला समुद्रकाठी न्यायची आणि लाटांपुढे भाषणं करायची. तिचा तळवा खरखरीत होता, पापुद्रे निघालेला. तो तळवा मला अजून आठवतो. खरं सांगते, त्याच्याइतकं दुसरं काही आठवत नाही.

मग ती क्रिकेटची मॅच झाली. इओसेफो नावाच्या तरण्या पोराने लोमीला बाद केलं. लोमी म्हणजे फेतुआओचा भाऊ इलाइया याचा मुलगा, आणि इलाइया आमच्या घराण्याचा मुख्य. "मळ्यातल्या काळ्या, तू मला बाद करतोस?" असं ओरडून लोमीने आमच्याकडची सोट्यासारखी जड बॅट इओसेफोच्या तोंडावर मारली. इओसेफोचा एक डोळा गेला. त्याच्या पणजोबाला गोऱ्यांनी सॉलोमन बेटांवरून इथे मळ्यात राबायला आणलं होतं. चार पिढ्या झाल्या, तरी ती शिवी गावाच्या जिभेवर आहेच.

अख्ख्या गावाने डोळ्यांदेखत पाहिलं. पण इलाइया म्हणाला, "चेंडू लागला." मग सगळ्यांना चेंडूच दिसला. इओसेफोची आई पोलिसांत गेली, तर गावाची अब्रू वेशीवर टांगली म्हणून पंचांनी ठरवलं, या कुटुंबाने गाव सोडावं.

निकाल मैदानावर सांगायचा होता. इओसेफोची आई कडेला मान खाली घालून बसली होती. वक्त्यांचं "तुम्ही बोला, तुम्ही बोला" सुरू झालं. तेवढ्यात फेतुआओ मला घेऊन मधोमध आली आणि तिने मला टेकलं. कुणाला तोंड उघडता येईना, नियम त्यांचाच होता.

"रोज सकाळी कोको पिता ना तुम्ही?" ती म्हणाली. "ती झाडं कुणाच्या पणजोबाने लावली? त्याचा कोको गोड लागतो आणि त्याचा पणतू काळा दिसतो होय? चेंडू लागला म्हणता. चेंडूला हात असतात का? शिव्या देता येतात का? ज्याने मारलं तो इथेच बसलाय. तुम्ही त्याचं नाव घेत नाही, तर मी घेते. मारणारा आहे..."

"बैस खाली!"

इलाइया ओरडला होता. आमच्याकडे भाऊ बहिणीपुढे आवाज चढवत नाही, तिचा शब्द तो खाली पडू देत नाही. पण मुख्य म्हणून त्याने तिला बसवलं. फेतुआओ खाली बसली. नियम तिने पाळला. मला तेव्हा तिचाही राग आला होता, आता येत नाही.

दुसऱ्या दिवशी इओसेफोचं कुटुंब गाठोडी घेऊन बसमध्ये चढलं. फेतुआओही त्यांच्याबरोबर चढली. मी घराण्याची म्हणून मला मागे ठेवलं. जाताना तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि भावाकडे पाहिलं नाही.

ती आता राजधानीत, आपियात असते म्हणे, बाजारात टोपल्या विकते. बस आली की मी कान टवकारते. काठीला कुठले कान! पण वाट पाहायला ते लागत नाहीत. मला तिचा तळवा हवा आहे, पायाखालची माती हवी आहे. तिचं ते वाक्य संपायला हवं आहे. इलाइयाने मला पुन्हा कुणाच्या हाती दिलं नाही.

हल्ली संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लोमी इथे येऊन बसतो. आता तो बाप झालाय. परवा मांडीवर लेकरू होतं आणि तो त्याच्या डोळ्यांवरून बोट फिरवत होता, आधी एकावरून, मग दुसऱ्यावरून. मग त्याने वर माझ्याकडे पाहिलं. उठला, माझ्या दोरीपर्यंत हात नेला आणि पुन्हा खाली बसला.

लोमी, सोड रे ती गाठ. मला मैदानात ने आणि टेक. भाषण करायला नको, ते तुझ्या आत्याने केलंय. फक्त एक नाव उरलंय, बाबा. आणि ते तुला पाठ आहे.