उदाहरण स्वतःचं असावं

शब्दकोशाच्या त्या कचेरीत प्रधान संपादक नेमकं काय काम करतात, हे विचारायची सोय नव्हती. सर अकराला येत, पंख्याखाली बसत आणि मान पुसत म्हणत, "भाषा ही साधना आहे हो." साधना करायची ती कार्डबाईंनी. सरांनी नुसतं दमायचं.

कार्डबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण एकोणीस वर्षं बाई कार्डंच लिहीत होत्या. एका अर्थाला एक कार्ड. वर इंग्रजी शब्द, मधे मराठी अर्थ, खाली तो अर्थ दाखवणारं एक वाक्य, दोन्ही भाषांत. त्यात खरं नाव मागे पडलं आणि कुणाला त्याची उणीवही भासली नाही.

'टेक' हे क्रियापद त्यांच्या गळ्यात पडलं तेव्हा सर म्हणाले होते, "सोपंय. टेक म्हणजे घेणे. दोन दिवसांत उरका."

दोन दिवस! बोलायला काय जातं? औषध टेक करतात ते आपण घेतो, ठीक. पण बस टेक करतात ती आपण पकडतो, फोटो काढतो, सल्ला मानतो. परीक्षा टेक करणारं पोरगं आपल्याकडे परीक्षा देतं. एक अर्थ मिटवावा तर दुसरा डोकं वर काढतो. बाई चार वर्षं त्या एका शब्दाशी झटल्या आणि एकशे बारा कार्डं झाली. त्या चार वर्षांत सरांनी खुर्चीची गादी दोनदा बदलून घेतली, हीसुद्धा प्रगतीच म्हणायची.

सरांचा म्हणून एकच नियम होता, तो भिंतीवर लटकत होता. 'उदाहरण स्वतःचं असावं. कुठल्याही पुस्तकातून उचलू नये.' खाली सरांची लफ्फेदार सही. इतरांनी तो वाचून सोडून दिला. बाईंनी पाळला. आता एकशे बारा वाक्यं स्वतःची आणायची कुठून? बाईंचं स्वतःचं असं होतं काय, तर घर. मग घरच कार्डांवर उतरलं. गळका नळ, ओरडल्याशिवाय गोळ्या न घेणारा नवरा, न विचारता आलेले पाहुणे.

तिसऱ्या वर्षी नवरा दवाखान्यात पडला आणि सतरा दिवसांनी गेला. अठराव्या दिवशी सरांचा फोन आला. "वाईट झालं. कार्डं बरीच साठलीयत, कधी येताय?"

बाई आल्या आणि त्या आठवड्यात त्यांनी नऊ कार्डं लिहिली.

काम संपलं तसा सरांना साक्षात्कार झाला, की 'टेक'चं वेगळं पुस्तक काढावं. मुद्रितं तपासायला कुणाकडे? बाईंकडेच. मुखपृष्ठावर सरांचं नाव, हे एवढं ठसठशीत. आत शेवटच्या पानावर 'कचेरीतील सहकाऱ्यांचे आभार'. बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांना हार नको होता, शाल नको होती. चार वर्षांच्या कामावर आपलं नाव हवं होतं, बस. आयुष्यात पहिल्यांदा त्या सरांकडे काही मागायला गेल्या.

"सर, माझं नाव राहिलंय."

"अहो, कोश म्हणजे सामूहिक काम," सर म्हणाले. "नावाचा मोह आपल्याला शोभत नाही."

"मग तुमचंही काढूया का?"

सर हसले. "विनोदी आहात हं तुम्ही."

"निदान उदाहरणं तरी एकदा नजरेखालून घाला. फार घरगुती आहेत."

"छे छे! तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

कसला डोंबलाचा विश्वास! शुद्ध आळस तो. बाई जागेवर आल्या. पान एकेचाळीसवर पेन्सिल थबकली. ते एक वाक्य खोडावं असं फार मनात आलं. मग त्यांना वाटलं, का म्हणून? लिहिणारीनं खोडायचं आणि मिरवणाऱ्यानं वाचायचंही नाही? त्यांनी 'तपासले' असा शेरा मारला आणि गठ्ठा छापखान्यात धाडला.

प्रकाशनाला सभागृह बऱ्यापैकी भरलं. बाईंबरोबर त्यांची धाकटी नणंद आली होती. फुकटचा चहा असेल तिथे ती हमखास यायची. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. सर साधनेवर पाऊण तास बोलले. न्यायाधीशबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "साधना कळली. आता दोन उदाहरणं वाचून दाखवा की."

सरांनी पुस्तक उघडलं. बहुधा पहिल्यांदाच. इंग्रजी वाक्य झोकात वाचलं आणि मग मराठी सुरू केलं, "माझ्या नणंदेने दोन दिवसांसाठी म्हणून माझं शिवणयंत्र नेलं, ते अजून आणून दिलं नाही."

सभागृहात खसखस पिकली. सर ब्रह्मचारी, हे सगळ्यांना ठाऊक. आणि लग्न झालं असतं तरी पुरुषाला नणंद कुठून येणार?

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत नणंद ताडकन उभी राहिली. "अहो वहिनी! कधी तोंडानं मागितलंत का? आणि एकदम पुस्तकात छापायचं?"

आता लोक पोट धरून हसू लागले. सरांचे कान लालबुंद झाले. यातून सुटायचं म्हणून त्यांनी भराभर पानं उलटली आणि हाताला लागलं ते पान एकेचाळीस मोठ्याने वाचायला घेतलं, "ह्यांना जायला सतरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत कचेरीतून एकही माणूस..."

सर थांबले. पुढचे दोन शब्द त्यांनी डोळ्यांनी वाचले आणि पुस्तक खाली घेतलं. हसणं कुठल्या कुठे गेलं.

नणंद अजून उभीच होती. "तो माझा दादा," ती म्हणाली. "खरंच कोणी आलं नाही. मी होते तिथे. सतराही दिवस होते."

बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. यंत्राचा राग सहा वर्षं पोसला होता, तो त्या क्षणी ओसरला. सरांवरचा मात्र तसूभरही कमी झाला नाही.

"ही वाक्यं कोणाची?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"तसं पाहिलं तर," सर घाम पुसत म्हणाले, "कोशाचं काम सामूहिक..."

"नवरा सामूहिक होता का?"

न्यायाधीशबाईंनी सरांच्या हातून पुस्तक घेतलं आणि समोर पाहिलं. कार्डबाई उठल्या. "माझी. एकशे बाराही माझी. एकोणीस वर्षं सरांकडे कार्डं लिहितेय मी. सरांनीच नियम केला होता, उदाहरण स्वतःचं असावं म्हणून."

"नाव सांगा."

बाईंनी सांगितलं, अगदी आडनावासकट. न्यायाधीशबाईंनी ते मुखपृष्ठावर सरांच्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरांत पेनाने लिहिलं आणि पुस्तक सरांपुढे धरलं.

"एकोणीस वर्षं तुमच्याकडे आहेत ना या? बघा, नाव बरोबर लिहिलंय ना मी?"

सरांनी ती अक्षरं दोनदा वाचली. त्यांना सांगता येईना.