आईंचा राजीनामा

माझ्या सासूबाई, इंदुमती तायडे, जयपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या महाराष्ट्र महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत. मंडळ बंद पडून बरीच वर्षं झाली. कुणाच्या बदल्या झाल्या, कुणी रिटायर होऊन अमरावती-नागपूरला परत गेलं आणि मंडळाच्या सतरंज्या शेवटी कुणी नेल्या ते आजतागायत कळलेलं नाही. पण जाता जाता अध्यक्षांना पदावरून काढायचं कुणालाच सुचलं नाही. त्यामुळे नियमाने पाहिलं तर आईंचं काहीच चुकत नव्हतं.

चुकत होतं ते बाकी सगळ्यात. जेवण झालंय की नाही, गॅस बंद केलाय की नाही, पुण्याच्या नातवाचं नाव काय, आपण आंघोळ करून बाहेर आलो की आंघोळीला निघालो, यातलं काही त्यांच्या लक्षात राहत नव्हतं. एकदा सकाळी सभेला म्हणून घरातून निघाल्या त्या सोडाल्याच्या भाजीबाजारात सापडल्या. तिथे त्या भाजीवाल्यांना शांतता राखायला सांगत होत्या. डॉक्टरांनी या सगळ्याला डिमेन्शिया म्हणतात असं सांगितलं. नाव कळल्यामुळे माझं काम काही कमी झालं नाही.

माझा नवरा नीरज रेल्वेत ड्रायव्हर. चार दिवस गाडीवर, एक दिवस घरी, तोही झोपलेला. म्हणजे आईंना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं आणि शोधून आणणं हे खातं माझ्याकडे. ते सांभाळता सांभाळता माझ्या पाठीतली चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, उचलाउचल बंद, नाहीतर ऑपरेशन. पुण्याच्या नणंदेला फोनवर सांगितलं तर ती हुंदके देत म्हणाली, "आईला आश्रमात ठेवणार, वहिनी?" मी म्हटलं, "तुझ्याकडे पाठवू?" तिचं रडू लगेच थांबलं.

तर आम्ही एका रविवारी मारुती व्हॅन काढली आणि आईंना मागे बसवून जागा बघायला निघालो. आईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. मंडळाची सहल आहे, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

पहिली जागा बस्सीच्या रस्त्यावर. बाहेर मोठी कमान, आत फिनेलचा वास. मॅनेजर हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "आप निश्चिंत रहिए. हम इनकी सेवा की पूरी चेष्टा करेंगे."

आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला ठाऊक होतं. आईंनाही एरवी ठाऊक असायचं. चाळीस वर्षं जयपुरात काढली होती त्यांनी. पण अलीकडे त्यांची हिंदी आधी गेली होती आणि मराठी तेवढी मागे उरली होती.

"चेष्टा करते म्हणते हा," आई मला म्हणाल्या. "तोंडावर सांगून राहिला पहा."

मॅनेजरला वाटलं, आई खूश झाल्या. तो उत्साहाने म्हणाला, "और सुबह योग की शिक्षा भी देते हैं."

"पहिले चेष्टा करते, मंग शिक्षा करते!" आई उठून उभ्या राहिल्या. "चाल ओ प्रणाली. तुरुंगात आणलं काय मले?"

त्या व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. खरं सांगायचं तर त्या फिनेलच्या वासात मलाही त्यांना ठेववलं नसतं, त्यामुळे मी फारशी हळहळले नाही.

दुसरी जागा चाकसूच्या अलीकडे. साधी बैठी इमारत, लांब ओसरी, पुढे कडुनिंब. ओसरीवर म्हातारी माणसं खाटांवर बसून वाटाणे सोलत होती. सोललेले दाणे त्यांच्याच तोंडात जात होते आणि कुणी ओरडत नव्हतं. ही जागा मला पाहताक्षणी आवडली. चालवणाऱ्या पुष्पा कंवर पूर्वी नर्स होत्या. त्यांचा फोनवरच एक नियम सांगून झाला होता: माणूस स्वतः हो म्हणाला तरच घेणार. घरच्यांनी फसवून आणून टाकलेलं चालणार नाही. एकच खाट रिकामी होती आणि संध्याकाळी दुसरं कुटुंब बघायला येणार होतं.

म्हणजे सगळं आईंच्या एका 'हो'वर येऊन ठेपलं होतं. आणि त्या वर्षी आईंनी कशालाच हो म्हटलेलं मला आठवत नव्हतं.

पुष्पाजी दारातच आल्या. डोक्यावर पदर, चेहरा हसरा. "आइए माँजी, पधारिए."

आई थबकल्या. "माजी?"

"हाँ माँजी."

"माजी कोन? मी आजी अध्यक्ष आहो. माजी कायची? निवडणूक कधी झाली?" आई माझ्याकडे वळल्या. "हे भागुबाईचं काम हाय. मले माहीत होतं."

भागुबाई मंडळाच्या उपाध्यक्ष होत्या. त्या केव्हाच वारल्या होत्या, पण आईंच्या लेखी त्यांचं कारस्थान चालूच होतं.

मी नीरजला डोळ्यांनी खुणावलं, की बाबा, तू तरी समजाव. नीरज जयपुरातच लहानाचा मोठा झालेला. त्याचं मराठी ऐनवेळी दगा देतं.

"आई, तसं नाही गं. मतलब, तू माजीच आहेस. त्या रिस्पेक्टने म्हणतायत. सगळ्या बायकांना इथे माजीच म्हणतात."

"सगळ्यांनाच काढलं?" आई हादरल्या. "पुरी कार्यकारिणी?"

मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात पुष्पाजींना वाटलं, आपणच मुद्द्याचं बोलून टाकावं. त्या आईंच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाल्या, "देखिए, काग़ज़ तो बाद में बनते रहेंगे. मुझे तो बस माँजी का राज़ीनामा चाहिए."

त्यांच्या बोलण्यात राजीनामा म्हणजे राजी असणं, संमती. बिचारीचा काही दोष नव्हता. पण आमच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत जो अंगार पेटला, तो पाहून वाटाणे सोलणारी माणसंसुद्धा थांबली.

"राजीनामा? माहा राजीनामा? आधी माजी करून टाकलं आन् मंग राजीनामा मांगून राहिली? द्यायची नाई मी! सभा बोलवा!"

आणि त्या परत व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. या वेळी आतून दारही लावून घेतलं.

नीरज काचेजवळ तोंड नेऊन "आई, ती वाली राजीनामा नाही," असं काहीतरी सांगत बसला. मी ओसरीच्या पायरीवर टेकले. संध्याकाळपर्यंत ही खाट जाणार, उद्या नीरज गाडीवर जाणार आणि परवा मी आईंना न्हाणीघरातून उचलताना कायमची आडवी होणार, हे मला लख्ख दिसत होतं. मग मी थाप मारायचं ठरवलं. फसवून आणायचं नाही हा पुष्पाजींचा नियम होता, पण फसवून गाडीतून बाहेर काढायचं नाही असं त्या कुठे म्हणाल्या होत्या?

मी काचेवर टकटक केली. "आई, घोळ झाला. राजीनामा-बिजिनामा काही नाही. इथल्या मंडळाचं स्नेहसंमेलन आहे आणि प्रमुख पाहुण्या तुम्ही आहात. भाषणासाठी सगळे खोळंबलेत."

आईंनी काच खाली केली. "आधी सांगता येत नाई?"

त्या उतरल्या, पदर नीट केला आणि ओसरीवर मध्यभागी जाऊन उभ्या राहिल्या. पुष्पाजींनी प्रसंग ओळखून कण्हेरीचं एक फूल त्यांच्या हातात दिलं. आई बोलल्या. अर्धं मराठीत, अर्धं तुटक्या हिंदीत, बरंचसं सतरंज्यांबद्दल. मंडळाच्या सतरंज्या ज्यांनी नेल्या असतील त्यांनी मुकाट्याने परत कराव्यात, नाव विचारलं जाणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. कोपऱ्यातले पागोटंवाले एक आजोबा इतके भारावले, की राणीसाहेबांशी बोलावं तसे हात जोडून म्हणाले, "लौटा देंगे हुकम, कल ही लौटा देंगे." टाळ्या झाल्या. एका आजींनी डोळे पुसले. आईंनी सगळ्यांचे वाटाणे तपासले, दोघींना शाबासकी दिली, चहा प्यायल्या. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जमलं! मी हळूच त्यांना रिकाम्या खाटेपाशी नेलं आणि म्हटलं, "आई, किती छान जागा आहे ना? राहायचं इथे?"

"इथं?" आई म्हणाल्या. "पागल झाली काय? प्रमुख पाहुना कधी मुक्काम करते काय? भाषन झालं, चाय पेलो, आता घरी जायचं."

अगदी बरोबर होतं. माझ्याच थापेने मला तोंडघशी पाडलं होतं. आई चपला शोधायला लागल्या. एक चप्पल खाटेखाली गेली होती. ती काढायला मी सवयीने वाकले आणि पाठीतून अशी कळ निघाली, की मी ओरडून त्या खाटेवरच आडवी झाले.

मग मला जे रडू आलं, ते पाठीचं नव्हतं. "आई," मी म्हटलं, "माझ्याच्याने होत नाही हो आता. खरंच नाही होत. तुम्हाला उचलवत नाही, तुमच्यामागे पळवत नाही. मी थकले." इतक्या दिवसांत हे मी नीरजला सांगितलं होतं, डॉक्टरांना, नणंदेला, शेजारणीलासुद्धा. ज्यांना सांगायचं त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

आईंनी चप्पल हातातून खाली ठेवली.

"राजीनामा देऊन राहिली काय तू?"

मला खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "हो, आई."

त्यांनी विचार केला. पूर्वी सभेत करायच्या तसा, ओठ मिटून.

"नामंजूर," त्या म्हणाल्या. "दुखन्यात कोनाचा राजीनामा घेत नाई मी. रजा घे. पाहिजे तेवढी घे." मग दारातल्या पुष्पाजींकडे वळून त्यांनी इतक्या महिन्यांनी ठणठणीत हिंदीत सांगितलं, "ये मेरी बहू है. इसकी पीठ में बहुत दर्द है. इसको यहाँ रख लो, अच्छे से सँभालो."

पुष्पाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "और आप, माँजी? आप भी रहेंगी यहाँ?"

आईंचं 'माँजी'कडे लक्षच गेलं नाही.

"रहूँगी ना," त्या म्हणाल्या. "इसको अकेली कैसे छोड़ूँ?"

पुष्पाजींनी मान हलवली. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं, मलाही मिळालं होतं, आणि मला उशीत तोंड खुपसून ओरडावंसं वाटत होतं. त्यांनी एक जादा खाट आणवून माझ्या खाटेला लावून दिली. आई तिच्यावर बसल्या आणि माझी पाठ चोळू लागल्या. चोळत होत्या चुकीच्या बाजूला.

थोड्या वेळाने नीरज दारात आला. खाट मिळाली म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. आईंचा डोळा लागला होता आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर तसाच होता. त्याने हळू आवाजात म्हटलं, "चल, निघू या. झोपली आहे तोवर."

"तू जा," मी म्हटलं. "माझ्यासाठी म्हणून राहिल्या आहेत त्या. आजचा दिवस तरी मी इथे असायला पाहिजे."

तो व्हॅन घेऊन एकटाच घरी गेला.